निखारा, छन्नी आणि लक्ष्मणराव

किर्लोस्कर हे नाव पुण्यात राहणाऱ्याला काही नवीन नाही. शेतातल्या पंपावर ते असतं, हॉस्टेलच्या मागे गणपतीत धडधडणाऱ्या जनरेटरवर असतं, खडकीकडे जाताना पाटीवर दिसलेलं असतं. पण मित्रांनो, या नावामागचा पहिला माणूस, म्हणजे लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर, हा आपल्यासारखा इंजिनिअरिंगची डिग्री घेतलेला नव्हता, हे किती जणांना माहीत आहे? तो चित्रकार व्हायला निघाला होता!

त्यांच्यावर लिहिणारे बहुतेक जण सुरुवात करतात ती जिद्दीपासून. जिद्द होतीच, पण त्यावर फार लिहून झालंय. मला त्यांच्या गोष्टीत वेगळंच काहीतरी सापडलं, आणि ते आपल्या वर्कशॉपच्या जास्त जवळचं आहे. कोणतं हत्यार घ्यायचं आणि भट्टीत काय जाळायचं, या दोन प्रश्नांची उत्तरं या माणसाला आयुष्यभर शोधावी लागली. माझ्यापुढेही सध्या तेच दोन प्रश्न आहेत. ते कसे, ते पुढे सांगतो.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. (संगीत नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्करही याच गावचे. एका छोट्या गावाने महाराष्ट्राला नाटकही दिलं आणि नांगरही!) वडील वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचं लक्ष मात्र पोथीपेक्षा चित्रात. 1885 साली ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे कळलं की आपल्याला काही रंगांतला फरक दिसतच नाही. रंगांधळेपणा! चित्रकार होऊ पाहणाऱ्या मुलाला याहून मोठा धक्का कोणता? दुसरा कोणी असता तर गाशा गुंडाळून घरी गेला असता. यांनी रंग सोडले आणि रेष धरली. मेकॅनिकल ड्रॉइंगला रंग कशाला लागतो? पांढरा कागद, काळी शाई. मुंबईत 1887 ला नुकत्याच सुरू झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, ते ड्रॉइंग शिकवायला लागले.

शिकवता शिकवता ते तिथल्या वर्कशॉपमध्ये घुसले. यंत्रं उघडून बघायची, जोडायची, चालवायची. त्यांचं खरं शिक्षण झालं ते इथे. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा हक्क यांचा असताना दुसऱ्याला जागा मिळाली. मग त्यांनी नोकरीच सोडली आणि थोरले बंधू रामूअण्णा यांच्याकडे बेळगावला आले. दोघा भावांचं सायकलचं दुकान तिथे 1888 पासून होतं. मुंबईहून लक्ष्मणराव सायकली पाठवायचे, रामूअण्णा त्या विकायचे. तिथल्या रस्त्याला पुढे किर्लोस्कर रोड असं नाव पडलं.

सायकल विकणं सोपं असेल, पण तुटलेली फ्रेम सांधायची कशाने? आज आपण डोळे झाकून म्हणू, गॅस वेल्डिंग. पण ऑक्सी-ॲसिटिलीनचा वापरण्याजोगा टॉर्च फ्रान्समध्ये फूशे आणि पिकार या दोघांनी बनवला 1903 च्या सुमारास. म्हणजे बेळगावात दुकान सुरू झालं तेव्हा जगात कुठेच तो नव्हता. सायकलची फ्रेम त्या काळी पितळाने जोडत. सांध्यावर टाकणखार, वर पितळ, आणि खाली धग. पितळ वितळायला साधारण 900 अंश सेल्सिअस लागतात. मुंबईत निदान रस्त्यावर गॅसचे दिवे आले होते. बेळगावसारख्या गावात हाताशी काय? लाकडी कोळसा आणि भाता. फार तर रॉकेलवरचा ब्लोलॅम्प. आपला पंप मारायचा स्टो आठवा, हे त्याचंच थोरलं भावंड. दोन्ही स्वीडनचे, 1882 आणि 1892 मधले.

लाकडी कोळशाला आपण मागासलेला समजतो, ते मला पटत नाही. किलोमागे साधारण 7000 किलोकॅलरी उष्णता तो देतो, म्हणजे चांगल्या दगडी कोळशाच्या तोडीस तोड. शिवाय त्यात गंधक जवळजवळ नाही, म्हणून तापवलेलं पोलाद खराब होत नाही. लोहार पिढ्यान्‌पिढ्या तो उगाच वापरत नव्हते. त्याची अडचण वेगळी आहे, तिच्याकडे युद्धाच्या वेळी येतो.

आता कापायच्या हत्यारांकडे. त्या काळी छोट्या कारखान्यात लोखंड कापायचं म्हणजे छन्नी, घण, करवत, कानस आणि असलाच तर पायाने किंवा पट्ट्याने फिरणारा लेथ. लेथचं टूल साध्या कार्बन पोलादाचं. हे टूल दोनशे-अडीचशे अंशांच्या वर तापलं की मऊ पडतं. म्हणून हळू कापायचं, पाणी मारत कापायचं, आणि धार गेली की पुन्हा भट्टीत घालून पाणी द्यायचं. हाय स्पीड स्टील टेलर आणि व्हाइट यांनी अमेरिकेत शोधलं आणि 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात दाखवलं, तेव्हा लोक चकित झाले ते यामुळेच. टूल लाल झालं तरी कापतंय! आपण व्हायवात एचएसएसची रचना पोपटासारखी म्हणतो, 18-4-1. पण त्याआधीच्या माणसाचे हाल कोणी विचारत नाही.

पाणी देण्यात आणखी एक गंमत आहे. कडक केलेलं टूल परत थोडं तापवून टेम्पर करायचं असतं. थर्मामीटर नसतो. घासून चकचकीत केलेल्या पृष्ठभागावर रंग चढत जातात. आधी वाळल्या कडब्यासारखा फिका पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. लेथच्या टूलला पिवळ्यावर थांबायचं, छन्नीला जांभळ्यापर्यंत जाऊ द्यायचं. एका क्षणाचा उशीर झाला की काम फुकट. हे वाचताना मला रंगांधळे लक्ष्मणराव आठवतात आणि थांबायला होतं. ज्या डोळ्यांमुळे चित्रकला सुटली, त्याच डोळ्यांनी माणूस अशा धंद्यात आला जिथे पोलादाची परीक्षा रंगावरून होते! अशा कामाला चार भरवशाची माणसं जवळ लागतात. ती त्यांनी आयुष्यभर जमवली. शाळा अर्धवट सोडलेली, कुठे न टिकलेली माणसंही त्यांच्याकडे टिकली आणि मोठी कामं करून गेली. डोळ्यांचा आणि माणसं जमवण्याचा संबंध मी जोडतोय, तो माझा. पटला तर घ्या.

बेळगावात त्यांनी आधी कडबा कापायचं यंत्र बनवलं आणि मग 1903 साली लोखंडी नांगर. नांगराची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, लोखंडाने जमीन विषारी होईल म्हणून शेतकरी हात लावेनात. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. ही गोष्ट सांगताना शेतकऱ्याला अडाणी ठरवायची पद्धत आहे. मी शेतकऱ्याच्या घरचा आहे, म्हणून मला त्या शेतकऱ्याची बाजू घ्यावीशी वाटते. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बलुत्यावर संध्याकाळपर्यंत नीट करून देई. लोखंडी नांगराचा फाळ झिजला तर जायचं कुणाकडे? विषाची भीती खोटी असेल, पण अनोळखी हत्यारावर वर्षाचं पीक लावायची भीती अगदी खरी होती.

आणि फाळ हा खरोखर अवघड जॉब आहे. तो मऊ असेल तर महिन्यात बोथट होतो, सगळाच कडक असेल तर दगडाला लागून तुकडे होतात. बीड, म्हणजे कास्ट आयर्न, सावकाश थंड झालं तर राखाडी आणि मऊ बनतं. साच्यात लोखंडी तुकडा बसवून झटकन थंड केलं तर तेवढाच भाग पांढरा आणि काचेसारखा कडक होतो. इंग्लंडमध्ये रॅन्सम नावाच्या कारखानदाराने 1803 च्या सुमारास फाळाची खालची बाजू अशी कडक केली आणि वरची मऊ ठेवली. चालताना वरची बाजू आधी झिजते, खालची धार तशीच राहते. म्हणजे फाळ मातीतच स्वतःला धार लावून घेतो! मटेरियल सायन्सच्या तासाला झोप येत असेल तर हे एकदा डोळ्यांसमोर आणून बघा.

कारखान्याचा जम बसत होता तोच बेळगावची जागा सोडायची वेळ आली. नगरपालिकेला तिथे वस्ती वाढवायची होती. तेव्हा मदतीला आले औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. (औंध म्हणजे बाणेरशेजारचं आपलं औंध नव्हे, सातारा जिल्ह्यातलं संस्थान!) त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ 32 एकर माळ आणि बिनव्याजी कर्ज दिलं. 1910 साली त्या निवडुंगाच्या, सापाविंचवांच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुणे–मिरज लाइनवर जाता-येता स्टेशन लागतं, आता त्याचं नावही किर्लोस्करवाडी आहे. जागेत पाहण्यासारखं काहीच नव्हतं, पण रेल्वे होती. बीड आणि कोक वॅगनने दारात येणार, नांगर वॅगनने बाहेर जाणार. माळ फुकट मिळाला म्हणून तिथे गेले असं वरवर दिसतं. मला वाटतं, त्यांनी माळ पाहिला त्याहून जास्त स्टेशन पाहिलं असणार.

आणि मग 1914 चं महायुद्ध. बाहेरून येणारं बीड आटलं, कोळसा मिळेना, रंगसुद्धा मिळेना. भट्टीवाल्या कारखान्याचं अन्नपाणीच तोडलं. औंध संस्थानातल्या झाडांच्या लाकडावर भागवायची वेळ आली.

आता ती मघाची अडचण. वाळलेलं लाकूड किलोमागे साडेतीन-चार हजार किलोकॅलरी देतं, दगडी कोळशाच्या निम्म्याच्या आसपास. बॉयलरखाली ते चालतं. जास्त घालायचं, जास्त राख काढायची, स्टोकरने शिव्या द्यायच्या, पण वाफ होते. क्युपोलाचं तसं नाही. क्युपोलात खाली कोकचा थर, वर बीड, मग चुनखडी, परत कोक, असं माणूसभर उंचीच्याही वर रचलेलं असतं. तेवढा भार खालच्या इंधनाने पेलायला हवा आणि मधून वाराही जाऊ द्यायला हवा. कोक दगडासारखा टणक, तो पेलतो. लाकडी कोळसा भाराखाली चुरतो, भुकटी होते, वाऱ्याची वाट बंद होते आणि भट्टी गुदमरते. शिवाय एक किलो कोळशाला चार-पाच किलो लाकूड जाळावं लागतं, म्हणजे डोंगर बोडके व्हायचे. उष्णता सारखी असली तरी इंधन सारखं नसतं, ते असं. पुढे 1923 मध्ये म्हैसूर संस्थानात भद्रावतीला लाकडी कोळशावर मोठी भट्टी चालवून दाखवली ती विश्वेश्वरय्यांनी, आपल्या पुण्याच्याच इंजिनिअरिंग कॉलेजचे विद्यार्थी. पण त्यामागे अख्खं संस्थान आणि त्याचं जंगल होतं.

बिडाचा प्रश्न सुटला तो तर कादंबरीत शोभेल असा. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळगडावरच्या जुन्या तोफा लक्ष्मणरावांना वितळवायला दिल्या. तोफांचे नांगर झाले! इतिहासप्रेमी मित्रांना हे ऐकून वाईट वाटतं, आमच्या विंगमध्ये यावर एकदा रात्री दोनपर्यंत भांडण झालंय. माझं मत विचाराल तर दुष्काळी मुलखात त्या तोफांनी गडावर गंजण्यापेक्षा हे चांगलं झालं.

पण इंजिनिअरच्या नजरेने बघा. तोफ क्युपोलाच्या तोंडातून आत जात नाही, तिचे तुकडे हवेत. आज कुणीही म्हणेल, गॅस कटर लावा. इथेच गोची आहे! ऑक्सिजनची झोत लोखंड कापते म्हणजे लोखंड जाळते. पोलाद लाल करून, आठ-नऊशे अंशांना नेऊन, त्यावर शुद्ध ऑक्सिजन सोडला की ते जळतं आणि झालेलं ऑक्साइड पातळ होऊन वाहून जातं. बिडात उलटं. बीड आधी वितळतं, त्याचं ऑक्साइड मात्र त्याहून जास्त तापमानाला, आणि आतला ग्रॅफाइट वाट अडवतो. म्हणून साध्या गॅस कटरने बीड नीट कापलं जात नाही, ते फोडायचंच असतं. उंचावरून वजन सोडायचं. ओतशाळांमध्ये ही युक्ती जुनी आहे. बिडाचा ठिसूळपणा, जो वापरताना दोष, तोच फोडताना उपयोगी.

आता माझे दोन प्रश्न. माझं गाव किर्लोस्करवाडीपासून फार लांब नाही. डिग्री झाली की घरामागच्या शेडमध्ये छोटं वर्कशॉप टाकायचं ठरवलंय. आजूबाजूच्या शेतातली अवजारं, ट्रॉल्या, पंपाचे ब्रॅकेट अशी कामं. वडील उसाच्या बिलातून पैसे देणार आहेत आणि ते पैसे एकदाच मिळणार आहेत. रूम पार्टनर प्लाझ्मा कटरवर अडून बसलाय. यंत्र छान आहे, वीज वाहणारं काहीही कापतं. पण त्याला कॉम्प्रेसर हवा आणि भरवशाची वीज हवी. आमच्याकडे शेतीची थ्री-फेज वीज पाळीने येते, कधी दिवसा, कधी मध्यरात्री. रात्री दोनला उठून ट्रॉली कोण कापणार?

ॲसिटिलीनचं म्हणाल तर ज्योत सगळ्यांत गरम, साधारण 3100 अंश, आणि गॅसने पोलाद वेल्ड करायचं तर तेच लागतं. पण तो गॅस लहरी. 1 किलोच्या वर दाबात मोकळा ठेवला तर स्वतःच फुटू शकतो, म्हणून सिलिंडरमध्ये सच्छिद्र भरावात ॲसिटोनमध्ये विरघळवून ठेवतात. सिलिंडर उभाच ठेवायचा, आडवा आणला असेल तर उभा करून थांबायचं, नाहीतर ॲसिटोन बाहेर येतं. एलपीजी आणि ऑक्सिजनची ज्योत 2800 च्या आसपास. वेल्डिंगला बरोबर नाही, पण कापायला? कापतो तो ऑक्सिजन, ज्योत फक्त तापवते. थोडा जास्त वेळ लागतो एवढंच. पितळाने जोडायलाही ती पुरते. आणि सिलिंडर तालुक्यात मिळतो. फक्त व्यावसायिक 19 किलोचा घ्यायचा, आईच्या स्वयंपाकघरातला लाल नव्हे! एलपीजी हवेहून जड, गळला तर जमिनीलगत साठतो, म्हणून शेडच्या भिंतीला खाली झरोके ठेवायचे.

पण या सगळ्याआधी व्हाइस, करवत, कानशी आणि चार इंची ग्राइंडर. करवतीचं पातं निवडताना जाडीवर कमीत कमी तीन दात बसले पाहिजेत. पातळ पाइपला 32 दातांचं, जाड पट्टीला 18 चं. ग्राइंडरच्या चाकावर लिहिलेली फेऱ्यांची मर्यादा ग्राइंडरच्या फेऱ्यांपेक्षा जास्त हवी, नाहीतर चाक फुटून तोंडावर येतं. व्हाइस जुन्या बाजारात रविवारी बघून येणार आहे, बाकीचं बोहरी आळीत. भट्टीसाठी लाकडी कोळसा. लोहारकामाला तो पुरतो, आणि क्युपोला मला चालवायचा नाहीये! यंत्र घेण्याआधी त्याला रोज खायला काय घालणार हे बघायचं, हे मी लक्ष्मणरावांच्या चरित्रातून उचललंय. पार्टनर म्हणतो मी कंजूष आहे. असो.

युद्ध संपलं आणि 1920 साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी कारखान्याच्या बातमीपत्रातून किर्लोस्कर मासिक उभं केलं. नांगराच्या जाहिरातीतून निघालेलं मासिक मराठी घरांत वाङ्मय म्हणून वाचलं गेलं, हा आपल्या मॅगझिन कमिटीला दिलासा समजा. मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीत मेकॅनिकल शिकून 1926 ला परत आला. बापाने जे यंत्र उघडून शिकलं ते मुलगा वर्गात शिकून आला, आणि दोघांचं जमलं. उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रं, पंप निघाले.

मला सगळ्यांत आवडतं ते 1941 साल. त्या वर्षी म्हैसूर संस्थानात हरिहरला त्यांच्या घराण्याने मशीन टूलचा कारखाना काढला, म्हणजे लेथ बनवायचा कारखाना. परक्या लेथवर शिकलेला माणूस, त्याच्या हयातीत त्याच्या नावाचे लेथ दुसऱ्यांच्या वर्कशॉपमध्ये जाऊन बसले. 1946 मध्ये खडकीला ऑइल इंजिनचा कारखाना सुरू झाला आणि पुणं या गोष्टीत आलं. डिझेलवर चालणारं इंजिन म्हणजे ज्याच्या शेतात वीज नाही त्याच्यासाठी पाणी.

लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 ला गेले. जन्मशताब्दीला, 1969 मध्ये, पोस्टाने त्यांचं तिकीट काढलं. घरी जाताना किर्लोस्करवाडीला गाडी थांबते तेव्हा मी दारात येऊन उभा राहतो. प्लॅटफॉर्मवर बघण्यासारखं विशेष काही नाही. चहा मिळतो.